सर्व्हर नेटवर्कवर दिसत नाही? केबलपासून पोर्टपर्यंत एकेक पायरी

“सर्व्हर बंद पडलाय” असा फोन येतो तेव्हा बऱ्याचदा सर्व्हर चालूच असतो. पंखा फिरतोय, डिस्कचा दिवा लुकलुकतोय, फक्त कोणाचंच काही उघडत नाही. मधला रस्ता कुठेतरी तुटलेला असतो. तो नेमका कुठे तुटलाय हे कसं शोधायचं, एवढाच या लेखाचा विषय. सिस्टीम ॲडमिनच्या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी हा लेख आहे. “तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना” म्हणत ऑफिसने ज्यांच्या गळ्यात सर्व्हर बांधलाय, त्यांच्यासाठीही आहे.

उदाहरण म्हणून एक छोटं ऑफिस घेऊ. उबुंटू सर्व्हर आहे, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१०, राउटरचा १९२.१६८.१.१. सर्व्हरवर एक वेब ॲप्लिकेशन आणि पोस्टग्रेस डेटाबेस चालतो. रेड हॅट, रॉकी किंवा आल्मा लिनक्सवर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. काहींना आधी सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने चालवायचा शब्द) लावावं लागेल.

रीस्टार्टच्या बटणाला हात लावायच्या आधी

सगळ्यांचा पहिला उपाय ठरलेला: बंद करून चालू कर. घरच्या राउटरला तो चालतो. सर्व्हरला मात्र रीस्टार्ट केलं की पुरावाच पुसला जातो. शेजारी मशीन कोणती दिसत होती, कार्डावर किती एरर मोजल्या गेल्या होत्या, ते सगळं शून्यावर येतं. समजा रीस्टार्टने चाललंच, तरी कशाने चाललं ते कळत नाही आणि सोमवारी सकाळी तोच फोन पुन्हा येतो. याहून वाईट म्हणजे, कोणीतरी सहा महिन्यांपूर्वी नुसत्या कमांडने पत्ता किंवा राउट (डेटा जायचा रस्ता) बदललेला असतो आणि फाइलमध्ये लिहिलेला नसतो. रीस्टार्टनंतर सर्व्हर जुन्या सेटिंगवर उठतो आणि एकाच्या जागी दोन भानगडी होतात.

सर्व्हरवर एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनल उघडायची पद्धत) लांबून शिरला असाल तर आणखी सांभाळून. ज्या कार्डावरून तुम्ही आत आलात तेच खाली पाडलंत, तर वर आणायला आत जाणार कसे? म्हणून दुसरा दरवाजा आधी शोधून ठेवा. डेलच्या सर्व्हरला आयड्रॅक असतं, एचपीला आयएलओ, क्लाउडवर सीरियल कन्सोल. यातलं काहीच नसेल तर सर्व्हरशेजारी जाऊन उभा राहील असा माणूस तरी फोनवर हवा. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री आपल्याकडे नऊ वाजून गेल्यावर व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होतं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने फेसबुकची डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली. त्यांचे डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारे) सर्व्हर जगाला दिसेनासे झाले, आणि दुरुस्तीची अंतर्गत साधनंही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्याने इंजिनिअरांनाच आत शिरणं अवघड झालं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपल्या एकुलत्या एका सर्व्हरला दुसरी वाट हवीच.

उबुंटूवर नेटवर्कची सेटिंग नेटप्लॅन नावाचा प्रोग्रॅम सांभाळतो. त्याची फाइल बदललीत की थेट नेटप्लॅन अप्लाय करू नका. नेटप्लॅन ट्राय करा. ते नवी सेटिंग लावतं, १२० सेकंद थांबतं आणि तुम्ही एंटर दाबला नाहीत तर जुनी सेटिंग परत आणतं. संपर्क तुटला तर एंटर दाबताच येणार नाही, म्हणजे जुनी सेटिंग आपोआप येईल.

मग फोन करणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. एकालाच होतंय की सगळ्यांना? ऑफिसातून होतंय की बाहेरून? काल चालत होतं का, आणि काल संध्याकाळपासून काय काय बदललं? तिसऱ्या प्रश्नाला पहिलं उत्तर नेहमी “काहीच नाही” असं येतं. मग “एसीवाला आला होता का, टेबल हलवलं का, नवा प्रिंटर आला का” असं विचारलं की हळूहळू काहीतरी बाहेर पडतं.

एरर काय म्हणते ते शब्दशः वाचा

नवखे लोक सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतात, कारण ते एरर वाचतच नाहीत. “कनेक्ट होत नाही” एवढ्यावर थांबू नका. स्क्रीनचा फोटो मागवा. त्या एका ओळीवरून निम्मं काम होतं.

“कनेक्शन रिफ्यूज्ड” ही त्यातली सगळ्यात चांगली बातमी. तुमचं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) त्या मशीनपर्यंत पोचलं आणि मशीनने लगेच नकार पाठवला. केबल, पत्ता, राउटिंग सगळं ठीक आहे. बहुधा त्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनवरचं प्रोग्रॅमचं नंबर घातलेलं दार) ऐकणारा प्रोग्रॅम तेवढा नाही. “कनेक्शन टाइम्ड आउट” याच्या अगदी उलट. मिनिट-दोन मिनिटं कर्सर लुकलुकत राहतो आणि मग हा शब्द येतो. पॅकेट गेलं ते गेलंच, कुणी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. वाटेत फायरवॉलने (नको ती पॅकेट अडवणाऱ्या भिंतीने) गिळलं, पत्ता चुकीचा आहे, किंवा परतीचा रस्ता नाही. रिफ्यूज्ड म्हणजे दार वाजवल्यावर आतून कोणीतरी “ते इथे राहत नाहीत” असं सांगणं, आणि टाइम्ड आउट म्हणजे वाजवत राहिलो तरी आतून हूं की चूं नाही.

“नो राउट टू होस्ट” चकवतं. नावावरून वाटतं की राउटिंगची चूक आहे. पण एकाच नेटवर्कमधल्या मशीनला जोडताना हे आलं तर बहुधा अर्थ असा की समोरचं मशीन बंद आहे किंवा त्याची केबल निघालीय. “हा पत्ता कोणाचा” या हाकेला कोणी ओ दिली नाही. रेड हॅट कुटुंबातल्या लिनक्सवर मात्र फायरवॉलडी (तिथली फायरवॉल) पॅकेट नाकारतानाही असा निरोप पाठवतं की समोर हीच एरर दिसते. म्हणून पिंग छान चालतंय आणि डेटाबेसला जोडताना “नो राउट टू होस्ट” येतंय, असं झालं तर राउटिंगच्या मागे न लागता थेट फायरवॉलकडे जा.

“नेटवर्क इज अनरीचेबल” आलं तर दोष तुमच्याच मशीनवर आहे: तिकडे जायचा रस्ताच तिला माहीत नाही, म्हणजे डीफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार, इथे राउटर) गायब. आणि “कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट” किंवा “नेम रिझोल्यूशन” असे शब्द दिसले तर गाडं नावावरच अडलंय, जोडणीपर्यंत गोष्ट गेलेलीच नाही.

एररने दिशा दिली तर सरळ त्या पायरीवर उडी मारा. दिशा मिळाली नाही तर खालपासून वर या.

पायरी १: केबल

सर्व्हरवर आयपी एल टाइप करा. प्रत्येक नेटवर्क कार्डाची एक नोंद दिसेल. पहिलं एलओ, ते सोडून द्या. पुढचं ईएनपी३एस० किंवा ईएनओ१ असल्या नावाचं, ते आपलं. कंसात अप आणि लोअर अप दोन्ही दिसायला हवेत. अप म्हणजे लिनक्सने कार्ड चालू केलंय. लोअर अप म्हणजे पलीकडून सिग्नल येतोय. नो कॅरियर दिसलं तर टर्मिनल सोडा आणि उठा. केबल दाबून बघा, पिनचा प्लास्टिकचा खटका तुटलाय का पाहा, स्विचचं दुसरं पोर्ट वापरून बघा, मग दुसरी केबल. फॉल्स सीलिंगवरून गेलेली केबल उंदराने कुरतडलेली निघणं ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नाही.

सिग्नल आहे पण सगळं मुंगीच्या पावलाने चाललंय, तर ईथटूल आणि पुढे कार्डाचं नाव टाइप करून स्पीड पाहा. कार्ड आणि स्विच दोन्ही गिगाबिटचे असून १००० च्या जागी १०० दिसत असेल तर केबलवर संशय घ्या. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिट दोन जोड्यांवर भागवतं. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली की बहुतेक वेळा दोन्ही बाजू आपसात समजूत करून १०० वर उतरतात आणि तक्रारही करत नाहीत.

एक खास प्रसंग: सर्व्हरमध्ये नवं कार्ड बसवलं आणि जुनंच कार्ड दिसेनासं झालं. आजकाल कार्डाचं नाव ते कुठल्या स्लॉटवर आहे त्यावरून ठरतं. नवं कार्ड आलं की क्रमांक सरकू शकतो. कालचं ईएनपी३एस० आज ईएनपी४एस० होतं आणि नेटप्लॅनच्या फाइलमध्ये जुनंच नाव राहतं. कार्ड ठणठणीत आहे, पण त्याला पत्ता द्यायला कोणी नाही.

पायरी २: पत्ता

आयपी ए. कार्डाखाली इनेट या शब्दापुढे पत्ता असतो. आपला १९२.१६८.१.१०/२४ दिसायला हवा. विंडोज मशीनला डीएचसीपीकडून (पत्ते आपोआप वाटणारी सेवा, छोट्या ऑफिसात बहुधा राउटरमध्येच) पत्ता मिळाला नाही की ते स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतं. उबुंटू सर्व्हरवर बहुधा तसंही होत नाही. चार आकड्यांची ओळच नसते, फक्त एफई८० ने सुरू होणारा आयपीव्ही६ चा पत्ता असतो. नवख्याला तो लांबलचक आकडा बघून “पत्ता तर आहे” असं वाटतं. या कामाला तो उपयोगाचा नाही.

तिरक्या रेघेपुढचा आकडाही वाचा. २४ च्या जागी २५ पडलं, तर सर्व्हरला वाटतं की १२७ पर्यंतचीच मशीन आपल्या घरची. १५० नंबरच्या कॉम्प्युटरला उत्तर द्यायला तो राउटरकडे धाव घेतो. काही राउटर हे सांभाळून घेतात, काही घेत नाहीत. मग अकाउंट्सला चालतं आणि स्टोअरला चालत नाही, आणि सगळे स्टोअरच्या कॉम्प्युटरला दोष देतात.

आता छोट्या ऑफिसांतला खरा छळवादी: एकच पत्ता दोघांना. सर्व्हरला १० नंबर हाताने दिलेला असतो, पण राउटरच्या डीएचसीपीला ते कोणी सांगितलेलं नसतं. तो २ पासून २५४ पर्यंत सगळे नंबर वाटायला मोकळा. बरेच महिने काही होत नाही. मग एके दिवशी लाइट जाते, राउटर परत उठतो, कोणाला कुठला नंबर दिला होता ते विसरलेला असतो, आणि हजेरीच्या बायोमेट्रिक मशीनला किंवा एखाद्या फोनला १० देऊन मोकळा होतो. लक्षण ठरलेलं: मध्येच चालतं, मध्येच तुटतं. एसएसएच करताना होस्ट की (सर्व्हरची ओळखखूण) बदलल्याची मोठी धमकीवजा सूचना येते किंवा कनेक्शन रिफ्यूज्ड येतं, कारण या वेळी तुम्ही सर्व्हरऐवजी हजेरीच्या मशीनचं दार वाजवलेलं असतं.

हे पकडायला दुसऱ्या लिनक्स मशीनवर बसा. आधी १९२.१६८.१.१० ला पिंग करा, मग आयपी एन टाइप करा. दहा नंबरपुढे सहा जोड्यांचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा नंबर) दिसेल. तो सर्व्हरवरच्या आयपी एल मधल्या मॅकशी जुळवा. विंडोजवर हेच काम एआरपी -ए करतं. जुळला नाही, किंवा थोड्या वेळाने पुन्हा पाहिल्यावर बदललेला दिसला, की चोर सापडला. मॅकच्या पहिल्या तीन जोड्यांवरून कार्ड कोणत्या कंपनीचं ते इंटरनेटवर शोधता येतं. पाहुण्यांच्या फोनवर मात्र हा आकडा बनावट असू शकतो. उपाय दोन: राउटरमध्ये जाऊन वाटपाची रांग १०० पासून सुरू करा आणि सर्व्हर, प्रिंटर त्याच्या खाली ठेवा, किंवा सर्व्हरच्या मॅकसाठी तो नंबर राखून ठेवा. पहिला मला जास्त आवडतो. रांग १०० पासून सुरू होते एवढं चिठ्ठीवर लिहून राउटरवर चिकटवलं की नंतर येणाऱ्यालाही कळतं.

पायरी ३: गेटवे आणि बाहेरचा रस्ता

आयपी आर. त्यात डीफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१ अशी ओळ हवी. नसेल तर ऑफिसात सगळं चालेल, बाहेर काहीच जाणार नाही. दोन डीफॉल्ट ओळी असतील तर कमी मेट्रिकची (ओळीतला पसंतीचा आकडा) ओळ जिंकते. दुसरं कार्ड किंवा व्हीपीएन लावल्यावर ही गंमत होते. एखादा पत्ता नेमका कुठून जाणार हे बघायचं असेल तर आयपी राउट गेट आणि पुढे तो पत्ता. तर्क करत बसण्यापेक्षा हे बरं.

सर्व्हरवर डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं साधन) असेल तर यादीत १७२.१७ ने सुरू होणारी ओळही दिसेल. डॉकर नवं नेटवर्क बनवताना १७२.१८, १७२.१९ असे पुढचे गट घेत जातो. हेड ऑफिसचं व्हीपीएन त्याच गटात असेल तर तिकडे जाणारी पॅकेट डॉकरच्या पुलावर जाऊन हरवतात. “कंटेनर चालू केल्यापासून पुण्याचा सर्व्हर दिसत नाही” अशी तक्रार आली की आधी इथे बघा.

मग पिंग, क्रमाने: आधी राउटर, मग १.१.१.१ किंवा ८.८.८.८, मग एखादं नाव. जिथे थांबेल तिथे तुटलंय. मात्र पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे मशीन मेलं असा अर्थ काढू नका. ॲमेझॉनच्या क्लाउडवर सिक्युरिटी ग्रुपमध्ये (क्लाउडची स्वतःची फायरवॉल) परवानगी दिल्याशिवाय बाहेरून पिंग आत येतच नाही. राउटर पिंगला गप्प असेल तर आयपी एन मध्ये त्याच्यापुढे रीचेबल आहे का पाहा. असेल तर तो जिवंत आहे. ट्रेसराउटमधल्या (वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड) चांदण्यांचंही (*) तसंच: मधल्या दोन-तीन ओळींत चांदण्या आणि शेवटी मुक्कामाचं उत्तर, तर सगळं ठीक आहे.

पायरी ४: नाव

१.१.१.१ ला पिंग चालतंय आणि नावाला नाही, म्हणजे डीएनएस. डिग आणि पुढे नाव. मग तेच पुन्हा, नावाआधी @१.१.१.१ लावून. दुसऱ्याला उत्तर आलं आणि पहिल्याला नाही, तर इंटरनेट ठीक आहे, तुमच्या सर्व्हरला सांगितलेला डीएनएस आजारी आहे. उबुंटूवर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसतं, ते बघून घाबरू नका. तो सर्व्हरवरचाच मध्यस्थ आहे. तो पुढे कोणाला विचारतो ते रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस सांगतं. त्या फाइलमध्ये हाताने नंबर लिहू नका. ती फाइल उबुंटू स्वतः लिहितं, तुमचा बदल पुसला जाईल. नंबर नेटप्लॅनमध्ये लिहा.

डिगला बरोबर उत्तर येतंय आणि तरी ॲप्लिकेशन भलतीकडे जातंय? डिग स्वतः होस्ट्स फाइल (सर्व्हरवरचीच नाव-पत्त्यांची यादी) बघत नाही; उबुंटूवर मधला मध्यस्थ मात्र ती बघतो, म्हणून तुलनेला @१.१.१.१ लावलेलं डिग घ्या. ॲप्लिकेशन जे बघतं ते बघायचं तर गेटेंट होस्ट्स आणि पुढे नाव टाइप करा. दोन्हींची उत्तरं वेगळी आली तर होस्ट्स फाइल उघडा. सर्व्हर हलवताना “तात्पुरती” टाकलेली जुनी ओळ तिथे सापडेल.

आणखी एक लक्षण ओळखून ठेवा: सगळं चालतंय, पण प्रत्येक गोष्टीला आधी पाच सेकंदांचा थांबा. यादीतला पहिला डीएनएस मेलेला असला तर लिनक्सची साधी पद्धत पाच सेकंद वाट बघून दुसऱ्याकडे जाते.

पायरी ५: पोर्ट, आणि ऐकतोय कुठे

आता सर्व्हरपर्यंत पोचतोय, पण प्रोग्रॅम मिळत नाही. सर्व्हरवर सुडो एसएस -टीएलएनपी चालवा. कुठला प्रोग्रॅम कुठल्या पोर्टवर बसलाय त्याची यादी येते. पोस्टग्रेसचं पोर्ट ५४३२, मायएसक्यूएलचं ३३०६, वेबचं ८० आणि ४४३, एसएसएचचं २२. पोर्ट यादीत नसेल तर प्रोग्रॅमच चालू नाही. सिस्टीमसीटीएल स्टेटस आणि जर्नल (सिस्टीमची नोंदवही) बघा, नेटवर्कचा विषय संपला.

पोर्ट यादीत असेल तर त्याच्या डावीकडचा पत्ता वाचा. १२७.०.०.१:५४३२ म्हणजे पोस्टग्रेस फक्त स्वतःच्या मशीनवरच्यांचं ऐकतोय. ०.०.०.०:५४३२ म्हणजे सगळ्या कार्डांवर. पोस्टग्रेस मुळात फक्त स्वतःपुरतंच ऐकतो, आणि उबुंटूवर मायएसक्यूएलही तसाच येतो. म्हणून सर्व्हरवर बसून तपासलं तर सगळं मस्त, शेजारच्या कॉम्प्युटरवरून रिफ्यूज्ड. पोस्टग्रेससाठी लिसन ॲड्रेसेस या ओळीत लोकलहोस्ट तसंच ठेवून, स्वल्पविराम देऊन सर्व्हरचा ऑफिसातला पत्ताही लिहा आणि पोस्टग्रेस सेवा रीस्टार्ट करा. ही सेटिंग नुसत्या रीलोडने लागू होत नाही. मग पीजी एचबीए फाइलमध्ये कोणत्या गटातून कोणाला यायचं ते लिहा. सगळ्या जगासाठी ०.०.०.० लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. सर्व्हरला बाहेरचा पत्ता असेल तर तसं करू नका. उघडे डेटाबेस हुडकणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अखंड फिरत असतात.

बाहेरून पोर्ट तपासायला टेलनेट शोधत बसू नका. एनसी -व्हीझेड, मग पत्ता, मग पोर्ट. जोडलं गेलं, रिफ्यूज्ड की टाइम्ड आउट ते सरळ सांगतं, आणि शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ वर आलाच आहे.

पायरी ६: फायरवॉल, एक नाही अनेक

उबुंटूवर यूएफडब्ल्यू स्टेटस, रेड हॅट कुटुंबात फायरवॉल-सीएमडी --लिस्ट-ऑल. क्लाउडवर असाल तर कंपनीच्या वेबपानावरचा सिक्युरिटी ग्रुप ही आणखी एक भिंत. सर्व्हरच्या आतून ती दिसत नाही, त्यामुळे लोक आत तासन्‌तास शोधत बसतात. सर्व्हरवरून मेल जात नसतील तर हेही लक्षात ठेवा की ॲमेझॉनसह बरेच क्लाउडवाले बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट मुळातच बंद ठेवतात, ५८७ वापरा.

लांबून काम करताना यूएफडब्ल्यू चालू करायच्या आधी एसएसएचला परवानगी द्या, नाहीतर पुढच्या वेळी बाहेरच उभे राहाल. फायरवॉलडीमध्ये नियम घालताना --परमनंट लावा आणि मग रीलोड करा. नुसतं परमनंट लावून सोडलं तर नियम फाइलमध्ये जातो पण आत्ता लागू होत नाही. न लावता घातला तर आत्ता चालतो आणि रीस्टार्टला उडतो. डॉकरने बाहेर उघडलेली पोर्टं तर यूएफडब्ल्यूला बगल देऊनच जातात. यूएफडब्ल्यूच्या यादीत बंद दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका.

“जरा फायरवॉल पूर्ण बंद करून बघू” याला माझा विरोध आहे. पुन्हा चालू करायचं राहून जातं. त्यापेक्षा तुमच्या एका पत्त्याला सगळं उघडून बघा.

बाहेरून कोणीच येत नाही: वेगळा प्रश्न

ऑफिसातून सगळं चालतं, घरून नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगही (बाहेरून आलेलं सर्व्हरकडे पाठवायची सेटिंग) केलंय. आधी राउटरच्या पानावर त्याला बाहेरचा कुठला पत्ता मिळालाय ते बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर तो पत्ता खऱ्या इंटरनेटवरचा नाहीच. इंटरनेट देणाऱ्याने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक बसवलेत. १००.६४ चा गट २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. तुमच्या फॉरवर्डिंगपर्यंत काही पोचतच नाही, त्यामुळे सेटिंग कितीही बदला, फरक पडणार नाही. पैसे भरून स्टॅटिक आयपी (तुमचा एकट्याचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घ्या, किंवा सर्व्हरनेच बाहेर जाऊन जोडणी करावी असं व्हीपीएन लावा.

टीसीपीडंप

टीसीपीडंप येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट दाखवतं. वरचं सगळं करून वाद उरलाच, म्हणजे तुम्ही म्हणताय पॅकेट येत नाही आणि समोरचा म्हणतोय मी पाठवतोय, तर सर्व्हरवर सुडो टीसीपीडंप -एनआय एनी पोर्ट ५४३२ लावा आणि समोरच्याला जोडायला सांगा. काहीच उमटलं नाही तर पॅकेट सर्व्हरपर्यंत आलंच नाही. दोष वाटेत आहे. चौकटी कंसात कॅपिटल एस असलेली ओळ पुन्हापुन्हा येतेय आणि उत्तराची ओळ नाही, तर पॅकेट आलं पण सर्व्हरने गिळलं: फायरवॉल. एस आणि टिंब असं उत्तर जातंय आणि तरी समोरचा एसच पाठवतोय, तर उत्तर परत पोचत नाहीये; परतीचा राउट बघा. कॅपिटल आर दिसला तर नकार, पायरी ५ वर जा. हे वाचायला शिकलात की नेटवर्कवाल्यांशी भांडताना हातात काहीतरी असतं.

जोडतं, पण मध्येच गोठतं

शेवटचा प्रकार नवख्यांना सहसा कोणी शिकवत नाही. एसएसएचने आत जाता येतं, पण मोठी यादी मागवली की स्क्रीन गोठते. छोटी पानं उघडतात, फाइल अपलोड अडकते. हा पॅकेटच्या आकाराचा प्रश्न असू शकतो. साध्या ईथरनेटवर १५०० बाइट जातात; पीपीपीओई पद्धतीच्या ब्रॉडबँडवर आठ बाइट त्या पद्धतीलाच लागतात, उरतात १४९२; व्हीपीएनमध्ये आणखी कमी. “पॅकेट मोठं आहे, लहान कर” असा निरोप वाटेतल्या राउटरने परत पाठवायचा असतो. पण कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी (पिंग आणि असे निरोप ज्यातून जातात ती पद्धत) बंद केलेलं असतं आणि तो निरोप पोचत नाही. तपासायला पिंग -एम डू -एस १४७२ आणि बाहेरचा पत्ता टाइप करा. यातला एम कॅपिटल आहे. १४७२ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १५०० होतात. हे अडलं आणि १४६४ ला उत्तर आलं तर १४९२ ची वाट आहे. नेटप्लॅनमध्ये एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) तेवढा लिहा, किंवा राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेट आधीच लहान ठेवायला लावणारी सेटिंग) चालू करा.

दोष इंटरनेट देणाऱ्याच्या बाजूला निघाला तर कस्टमर केअरला “नेट स्लो आहे” एवढंच सांगू नका. ते राउटर बंद-चालू करायला लावतील आणि तक्रार बंद करतील. एमटीआर (पिंग आणि ट्रेसराउट एकत्र करणारी कमांड) दोन्ही बाजूंनी शंभर-शंभर पॅकेटसाठी चालवा, ऑफिसातून बाहेरच्या सर्व्हरकडे आणि तिकडून ऑफिसकडे. त्याचा मजकूर, वेळ, तुमचा सार्वजनिक पत्ता आणि राउटरपर्यंतचं पिंग स्वच्छ असल्याचा पुरावा हे सगळं ईमेलने पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. पुढच्या फोनवर तोच क्रमांक सांगून थेट दुसऱ्या लेव्हलला जोडून मागा.